टेबल उलटे करून पाहा

हान्स वेगनर यांनी आंद्रेआस टुक या डॅनिश कारखान्यासाठी १९५०च्या दशकात आखलेले एटी-१० हे कॉफी टेबल पाहिले, की त्यात विशेष काय असा प्रश्न पडतो. वर सपाट फळी, खाली मासिके ठेवायला वेताने विणलेला कप्पा, चार सडपातळ पाय. कोरीवकाम नाही, चकाकी नाही. कुठलाही सुतार आठवड्यात करून देईल, असे वाटते. डॅनिश फर्निचरबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज माझ्या मते हाच. नक्षी असली की सांध्यातली फट तिच्याआड दडते. इथे दडवायला जागाच नाही.

या साधेपणामागे मोठी तालीम आहे. कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत १९२४ साली कोरे क्लिंट यांच्याकडे फर्निचरचे शिक्षण सोपवले गेले, तेव्हा त्यांनी मोजमापाला पहिला मान दिला. माणूस किती उंचीवर बसतो, घरातल्या ताटल्या-चमच्यांना किती जागा लागते, हे मोजायचे आणि मगच आरेखनाला हात घालायचा.

१९२७पासून तिथल्या कॅबिनेटमेकरांच्या संघाने दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. १९६६पर्यंत ते चालले. आरेखक आणि कारागीर तिथे जोडीने काम मांडत. फिन यूल आणि नील्स वोडर ही त्यातली गाजलेली जोडी. यूल वास्तुविशारद; त्यांचे आकार शिल्पासारखे वळणदार. ते लाकडात उभे करण्याचे कसब वोडर यांचे. चित्र हातात ठेवून ‘असेच कर’ म्हणण्याचा हा व्यवहार नव्हता, आणि त्या काळातली कामे आजही टिकून आहेत याचे बरेचसे श्रेय मी या जोडीदारीला देतो.

लाकूड मात्र दूरवरून यायचे. ओक आणि बीच डेन्मार्कमध्ये होतात; पण ज्या सागवानाने ही शैली जगभर ओळखली गेली, ते थायलंड-ब्रह्मदेशाकडचे. आपल्या आलापल्ली-बल्लारशाच्या जंगलांत वाढतो तोच हा साग. त्यात नैसर्गिक तेल असते आणि वाळल्यावर तो फारसा वाकत-पिळत नाही. त्यात सिलिकाही असते, आणि ती हत्यारांची धार भराभर खाते. टंगस्टन कार्बाइडची पाती आली, तेव्हा कुठे कारखान्यांत सागाचे काम सुकर झाले.

आता जरा जवळ जाऊन कड बघू. अशा कित्येक टेबलांत फळीची कड खालच्या अंगाने तिरकी तासलेली असते. फळी आत चांगली जाड असते, पण उभ्या माणसाला दिसते ती बारीक रेघ. त्यामुळे अख्खे टेबल हलके वाटते. काही टेबलांत आखूड बाजूंची कड किंचित वर उचललेली असते, आणि तो उंचवटा भरीव लाकडातूनच घडवलेला असतो. त्याच्यावर बोट फिरवले की कळते: कुठेही टोचत नाही, कुठेही धार लागत नाही.

खरी परीक्षा खालच्या बाजूला. भरीव फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. चौकटीला ती पक्की चिकटवली तर आज ना उद्या तडकणारच. म्हणून जाणता कारागीर तिला खालून लाकडी गुटक्यांनी किंवा लांबट भोकांतल्या स्क्रूंनी धरतो आणि हलायला वाव ठेवतो. व्हीनियरच्या फळीला हा त्रास कमी. व्हीनियर म्हणजे फसवणूक असे आपल्याकडे सर्रास मानतात, ते चूक आहे; उत्तम डॅनिश टेबलांतही सागाचे व्हीनियर आणि कडेला भरीव सागाची पट्टी दिसते.

‘डॅनिश स्टाइल’ म्हणून आज पुष्कळ टीपॉय विकले जातात. तिरके पाय लावले की झाले डॅनिश! तुम्ही असे टेबल घेणार असाल, तर दुकानात ते आधी उलटे करून पाहा. पाय खाचेत नीट बसलेत की नुसत्या पत्र्याच्या पट्टीवर लटकलेत? कडेला लाकूड आहे की छापील लॅमिनेट? आणि सुताराकडून करून घेणार असाल, तर मोबाइलवरचा फोटो नंतर दाखवा. आधी तुमच्या सोफ्याच्या बैठकीची उंची त्याला मोजू द्या.