दोरीवरचं ब्लँकेट

अबोला धरण्यात आपल्या बायकांचा हात कोणी धरणार नाही, हे तुम्हीही कबूल कराल. पण आठ दिवसांचा अबोला एका इंग्रजी सिनेमाने मोडला असं सांगितलं, तर खरं वाटेल का तुम्हाला? आमच्याकडे मात्र अगदी तसंच झालं.

कारण म्हटलं तर क्षुल्लक. माहेरी वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्या पगारातून पाच हजार रुपये पाठवले. ह्यांना कळलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "मला आधी सांगायचं तरी!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माझ्या पगाराचाही हिशोब द्यायचा का?" म्हणाले नि आत निघून गेले. झालं! तेव्हापासून "बाबांना सांग, चहा ठेवलाय" आणि "आईला विचार, किल्ली कुठंय" असा मुलीमार्फत कारभार.

शनिवारी रात्री मुलीने टीव्हीवर 'इट हॅपन्ड वन नाइट' लावला आणि थोड्याच वेळात स्वतः झोपून गेली. दिवाणाच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये सासूबाई. सिनेमा १९३४ सालचा, कृष्णधवल. दिग्दर्शक फ्रँक काप्रा. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोलबेर नायक-नायिका. मला वाटलं, पंधरा मिनिटांत डोळा लागेल. पण खाली अक्षरं येत होती, गोष्ट कळत गेली, नि पाहता पाहता रंगले की हो मी!

बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून बसलेली एक लाडावलेली श्रीमंत मुलगी, एली. बाप तिला बोटीवर अडकवून ठेवतो, तर ही सरळ समुद्रात उडी टाकते आणि नवऱ्याकडे न्यूयॉर्कला जायला बस पकडते. बसमध्ये भेटतो पीटर, नोकरी गमावलेला बातमीदार. एव्हाना सासूबाई जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, ही तर 'चोरी चोरी'ची गोष्ट! राज कपूर-नर्गिसचा!" खरंच की! १९५६ चा 'चोरी चोरी' आणि १९९१ चा 'दिल है के मानता नहीं' याच गोष्टीवरून आलेले.

वाटेत पावसाने पूल वाहून जातो. दोघांजवळ पैसे बेताचे, म्हणून नवरा-बायको असल्याचं सांगून एकच खोली घ्यावी लागते. तेव्हा पीटर दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधतो आणि तिच्यावर ब्लँकेट टाकतो. ह्या म्हणे यरीहोच्या भिंती! बायबलात त्या भिंती रणशिंगं फुंकल्यावर कोसळल्या. "माझ्याजवळ काही रणशिंग नाही," असा त्याचा मिस्कील दिलासा. सकाळी तिच्यासाठी दात घासायचा ब्रश विकत आणलेला, न्याहारी हातांनी केलेली. सगळा जन्म नोकरचाकरांत काढलेल्या त्या पोरीला तेवढ्या न्याहारीचं केवढं अप्रूप!

पण खरी गंमत पुढे आहे. बापाने पाठवलेले गुप्तहेर दारात येतात. आता काय करायचं? पीटर तिचे केस विस्कटून टाकतो नि दोघं कडाकडा भांडायला लागतात. तो ओरडतो, ती रडते. गुप्तहेर ओशाळून परत जातात. इतकं भांडतात म्हणजे नवरा-बायकोच असणार, यात त्यांना शंकाच उरत नाही!

मी तोंडाला पदर लावून हसले. तिकडून ह्यांचंही हसू ऐकू आलं. मग हे टीव्हीकडेच बघत म्हणाले, "म्हणजे आठ दिवसांत आपल्याकडे गुप्तहेर आले असते, तर आपण पकडलो गेलो असतो."

मी काही बोलले नाही. पण सासूबाई उठल्या. "मला शेवट ठाऊक आहे," म्हणाल्या नि खोलीत गेल्या. मधली जागा रिकामी झाली.

शेवटाकडे मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गैरसमजाने दोघं दुरावतात. मुलीला शोधून देणाऱ्याला बापाने दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलेलं असतं. पीटर बापाकडे जातो, पण मागतो किती? एकोणचाळीस डॉलर साठ सेंट! तिच्यापायी झालेला खर्च तेवढा. रोख आठ डॉलर साठ सेंट, कोट पंधरा, बॅग साडेसात, हॅट चार, तीन शर्ट साडेचार. पै न् पै लिहिलेली. बाप काय ओळखायचं ते ओळखतो. लग्नमंडपात तोच लेकीच्या कानाशी सांगतो, मागे गाडी उभी आहे. आणि नवरीच्या पोशाखातली एली धूम ठोकते!

मी इतके दिवस समजत होते, हिशोब म्हणजे अविश्वास. पण पीटरने हिशोब मांडला तो दहा हजारांत तिला विकायची नव्हती म्हणून. ह्यांनी "आधी सांगायचं तरी" म्हटलं, ते पैशांसाठी की मी त्यांना परकं धरलं म्हणून? हे विचारायचं मला आठ दिवसांत सुचलं नव्हतं. त्या रात्री विचारलं. उत्तर काय मिळालं ते सांगत नाही, पण आम्ही बारापर्यंत भांडलो. मनसोक्त!

या सिनेमाला चित्र, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर मिळाली. क्लॉडेट कोलबेरला तर इतकी कमी आशा होती, की ती त्या रात्री आगगाडीने गावाला निघाली होती. तिला स्टेशनवरून आणून प्रवासाच्याच कपड्यांत बक्षीस दिलं.

शेवटी ते ब्लँकेट पडतं, आणि त्यासाठी एक रणशिंगही वाजतं. कसं, ते तुम्हीच पाहा. शक्यतो ह्यांना शेजारी बसवून.

आमच्याकडे रणशिंग वाजलं नाही. सोमवारी सकाळी दूधवाल्याचे पैसे लिहायला हिशोबाची वही उघडली, तर वर ह्यांच्या अक्षरात एक ओळ होती: "अण्णांचं ऑपरेशन, आपल्या दोघांकडून, ५,०००."