परीक्षा पेटीची, निकाल घराचा

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं ते घर जुनं. सासरे वीज खात्यात वायरमन होते. घरातली वायरिंग त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली. त्यामुळे बोर्डाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना मुळीच खपत नसे.

सुनेने कॉम्प्युटरसाठी विजेची जाडजूड पेटी आणली, तेव्हा तिच्यावरचा आकडा वाचून ते म्हणाले, ‘‘दोन हजार वॅट? सूनबाई, हा कॉम्प्युटर आहे की गीझर?’’

सून घरी बसून जाहिरातींसाठी थ्रीडी चित्रफिती करते. काम वाढलं, जुनं मशीन पुरेना. शेवटी एफडी मोडून तिने चार ग्राफिक कार्डं घेतली. पेटीत दोष निघाला, तर आठ दिवसांत बदलून मिळणार होती. म्हणून ती आधी तपासून घ्यायची होती.

तिने दुधाच्या वहीतच हिशेब मांडला. कार्डं २०२०मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०९० जातीची, प्रत्येकी ३५० वॅट, म्हणजे १४००. प्रोसेसरचे २८०, पंखे वगैरे १२०. एकूण १८००.

‘‘मग १८००ची पेटी चालली असती.’’

‘‘नाही बाबा. ही कार्डं सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती जवळजवळ दुप्पट वीज ओढतात. पेटीला ते झेपलं नाही, तर मशीन बंद. रात्रभराचं काम पाण्यात!’’

‘‘म्हणजे पाण्याची मोटर सुरू होताना झटका घेते, तसंच की!’’ सासऱ्यांना नेमकं समजलं.

पेटीची पिन १६ अँपिअरची, मोठी. खोलीतलं सॉकेट ६ अँपिअरचं. दुकानदाराने दिलेली कन्व्हर्टर पिन लावून तिने चारही कार्डांवर पूर्ण काम टाकलं. भिंतीकडच्या मीटरवर १९४० वॅट आले. १८०० पोहोचवायला १९४० घेणं, म्हणजे वाया जाणारी वीज फारच थोडी. १२ व्होल्टच्या तारेवर मल्टिमीटर ११.९ दाखवत होता. ११.४ पर्यंत चालतं. पेटी पास! सुनेचा चेहरा खुलला.

सासरे मात्र सॉकेटपाशी बसून होते. तासाभराने त्यांनी पिनेवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. ‘‘बंद कर आधी!’’

प्लास्टिक मऊ पडलं होतं, करपल्याचा वास येत होता. सॉकेटवरचा दाब २२८ व्होल्टवरून २१९वर उतरला होता. पेटीने मात्र त्याचा पत्ताच लागू दिला नव्हता. असली पेटी आतली वीज काही कमी पडू देत नाही. बाहेरचा दाब उतरला, की ती जास्त अँपिअर ओढते. तिकडे कॉम्प्युटर सुरळीत चालतो आणि इकडे वायर तापत जाते. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जवळजवळ ९ अँपिअर जात होते.

‘‘पण बाबा, फ्यूज कसा उडाला नाही?’’

सासरे काही वेळ गप्प राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात सारखा उडायचा, म्हणून त्यात जाड तार मीच घातली होती. वायरही जुनी, अॅल्युमिनियमची. जोड सैल झाले असणार. दुसऱ्याच्या घरात असं दिसलं असतं, तर मी चार शब्द सुनावले असते.’’

सुनेला काय बोलावं कळेना. तिने चहा ठेवला.

दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी एका तरुण वायरमनला बोलावलं आणि स्वतः शिडी धरून उभे राहिले. मेन बोर्डापासून तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, १६ अँपिअरचं सॉकेट, एमसीबी आणि नीट अर्थिंग. जुने फ्यूजही काढून टाकले. सुनेने आपल्या बाजूने प्रत्येक कार्डाला २८० वॅटची मर्यादा घातली. कामाला वेळ थोडासाच जास्त लागतो, पण विजेचं बिल आणि खोलीतली उष्णता दोन्ही कमी.

पुन्हा तपासणी झाली. तीन तासांनी सासऱ्यांनी पिनेवर बोट टेकवलं आणि ते तिथेच राहू दिलं. ‘‘गार आहे,’’ ते म्हणाले.

आता शेजारी कुणी एसी किंवा मोठं मशीन घ्यायचं म्हटलं, की सासरे त्याची किंमत विचारत नाहीत. आधी विचारतात, ‘‘घरातली वायर किती जुनी आहे?’’