अनुच्चारित हकार

फ्रेंच भाषेंत मुलींचीं दोन नांवें अशीं आहेत कीं, कानास त्यांत तिळमात्र भेद कळत नाहीं. दोहोंचाही उच्चार 'एलोईज' असाच. एकाच्या आरंभीं रोमन लिपींतील एच हें अक्षर लिहितात, दुसऱ्याच्या लिहीत नाहींत. बाकी सर्व तेंच. यांपैकीं कोणतें ठेवावें हा वाद गेले दोन महिने आमच्या घरांत चालला आहे. आमची धाकटी कन्या फ्रान्सांत ल्यों शहरीं असते, जामात तेथलेच. आणि येत्या श्रावणांत त्यांचे घरीं कन्यारत्न यावयाचें आहे. मुलगा कीं मुलगी हें तिकडे आधींच सांगतात.

फ्रेंचांच्या या हकाराची गंमत संस्कृत शिकलेल्या माणसानें मुद्दाम पाहावी. पाणिनीच्या व्याकरणांत ज्याचा लोप झाला तें दिसत नाहीं, तरी त्याचें कार्य मागें राहतें. फ्रेंचांत उलट, अक्षर डोळ्यांपुढें उभें, पण मुखावाटे निघत नाहीं. त्यांतही दोन जाती! वीर या अर्थाच्या 'एरो' शब्दांतील एच उच्चारीत नाहींत, तरी तो मागील शब्दाशीं संधि होऊं देत नाहीं. त्याच्याच स्त्रीलिंगी 'एरोईन' शब्दांतला मात्र संधीस आड येत नाहीं. पुरुष अडून बसतो, स्त्री मिसळून जाते. आमच्या नांवांतला एच या दुसऱ्या जातीचा, म्हणजे केवळ शोभेचा. याउलट त्याच नांवांत आय या अक्षरावर दोन टिंबें देतात तीं अत्यंत कामाचीं. तीं गाळलीं तर मागचा ओ व हा आय मिळून 'वा' असा ध्वनि होतो, आणि एलोईजची 'एल्वाज' होऊन बसते. 'तितउ' म्हणजे चाळण, या शब्दांत अ आणि उ शेजारीं असूनही जसे संधि करीत नाहींत, तसाच हा प्रकार.

कन्येचा आग्रह एचसाठीं. ती तेथें शाळेंत साहित्य शिकविते, आणि बाराव्या शतकांतली विदुषी एलोईज तिच्या मनांत भरली आहे. ही बाई लॅटिन विद्येंत प्रख्यात. आबेलार नामक तार्किक पंडितापाशीं ती शिकली, त्याच्यावर अनुरक्त झाली, आणि पुत्र झाला तेव्हां तिनें त्याचें नांव 'अ‍ॅस्ट्रोलेब' ठेवलें! हें ग्रहनक्षत्रांचे वेध घेण्याचें यंत्र. आपल्याकडे महेन्द्रसूरीनें इ. स. १३७० मध्यें त्याजवर 'यंत्रराज' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. पण पाळण्यांतल्या पोरास यंत्रराज म्हणण्याचें धाडस आमच्या ज्योतिषांनीं केल्याचें ऐकिवांत नाहीं. पुढें तिच्या मामानें आबेलारवर जो सूड उगविला तो या मासिकांत विस्तारानें सांगण्याजोगा नव्हे. उभयतां मठांत गेलीं, ती पाराक्ले मठाची प्रमुख झाली, आणि त्यांचीं पत्रें अजून वाचलीं जातात. आबेलार ११४२ सालीं वारला. दोघांच्या अस्थि १८१७ सालीं पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानांत एकत्र ठेवल्या.

ही कथा ऐकून आमचें कुटुंब म्हणालें, "जिला संसार लाभला नाहीं, जिचें मूल नणंदेकडे वाढलें, तिचें नांव पाळण्यांत कशाला?" कन्येचें उत्तर तयारच होतें: "आई, सीतेचें नांव नाहीं का ठेवीत आपण?" त्यावर कांहीं क्षण दूरध्वनीवर दोन्हीकडे शांतता होती.

विहीणबाईंचें म्हणणें निराळें. त्यांच्या मातोश्रींचें नांव हेंच, पण एच नसलेलें. या बाईंनीं आमच्या जामातांस लहानाचें मोठें केलें. त्या तीन वर्षांपूर्वीं निवर्तल्या. विहीणबाई म्हणाल्या कीं, आई जन्मभर प्रत्येक कचेरींत, प्रत्येक दवाखान्यांत "एच नाहीं हो" असें सांगत आली. जातांना शिळेवर तरी नीट लिहा म्हणाली.

आम्हांस हें ऐकून वर्गांतला हजेरीपट आठवला. ऋतुजा आणि रुतुजा, ऋचा आणि रुचा! मराठी मुखांत ऋ आणि रु एकच झाले आहेत, आणि बिचाऱ्या मुलींस प्रत्येक परीक्षेच्या अर्जावर आपला ऋ सांभाळावा लागतो. परंतु तेथें निर्णय सोपा. ऋचेस अर्थ आहे, रुचेस शोधावा लागतो. फ्रेंच नांवांत तसें नाहीं. दोन्हीं रूढ, दोन्हीं शुद्ध. म्हणजे कोणतेंही ठेवा, पोरीस जन्मभर 'एच आहे' किंवा 'एच नाहीं' हें सांगणें चुकत नाहीं. आणि न उच्चारलेल्या चिन्हास हंसण्याचा अधिकार आम्हां मराठी जनांस फारसा नाहीं. 'नांव' या शब्दावरचें टिंब कोणी उच्चारीत नसे. १९६२ च्या लेखननियमांनीं तें गेलें. आमचे तीर्थरूप अखेरपर्यंत तें देत असत, आम्हीही देतों.

सरकारची आडकाठी आतां नाहीं. १८०३ च्या कायद्यानें पंचांगांतलीं किंवा प्राचीन इतिहासांतलींच नांवें चालत. १९९३ पासून आईबापांस मोकळीक आहे, मात्र मुलास जाचक नांव असल्यास न्यायालयापर्यंत जातें. आमच्या शास्त्रांचेंही पाहिलें. मनूनें स्त्रियांचें नांव सुखानें उच्चारतां येणारें व दीर्घस्वरान्त असावें असें सांगितलें आहे. एलोईज उच्चारास सुखाचें खरें, पण शेवटचा ई ही तेथें लिहितात आणि म्हणत नाहींत!

आमचें मत विहीणबाईंकडे झुकलें. त्या विदुषीचें नांव जगानें आठ शतकें राखलें आहे, आमच्या नातीवांचून तें अडत नाहीं. त्या माउलीचें राखणारें घर एवढेंच. शिवाय पत्रावर एच दिसला कीं पुण्याची सर्व मंडळी पोरीस 'हेलोईज' म्हणणार, आणि ती ओ देणार नाहीं. हें सर्व आम्ही कन्येस लिहून कळविलें. तिचें उत्तर: "अण्णा, तुमचें पटतें, पण मन होत नाहीं." तिच्यावर बळ करण्याची आमची इच्छा नाहीं.

तेथें जन्मापासून पांच दिवसांत नगरकचेरींत नोंद व्हावी लागते, बारशाची वाट कोणी पाहत नाहीं. आमचें कुटुंब आधींच रवाना होणार आहे. त्यांनीं घरांत हांक मारण्यास 'इला' ठरविलें आहे. कानांत 'कुर्र' म्हणण्याचा मान आत्याचा, म्हणजे जामातांच्या भगिनीचा. फ्रेंचांचा र घशांतून निघतो, तेव्हां तिला आतांपासून शिकवावें लागेल.