शेवटची नोंद ठेवा

जानेवारी २०२५च्या शेवटच्या आठवड्यात आईचा फोन आला. "टीव्हीवर सारखं नांदेड नांदेड म्हणायलेत, आपलं नांदेड का गं?" आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं. मी म्हटलं, आपलं नाही, हे पुण्यातलं नांदेड गाव, सिंहगड रस्त्याकडचं. आईचा जीव भांड्यात पडला. दोन सेकंदांनी तिच्या लक्षात आलं की माझं होस्टेलही त्याच बाजूला आहे.

नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही नावं तेव्हा रोज बातम्यांत होती, आणि त्यांच्यासोबत जीबीएस. म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोम. १९१६ साली तीन फ्रेंच डॉक्टरांनी मिळून दोन सैनिकांच्या या आजाराबद्दल लिहिलं. त्यातल्या तिसऱ्याचं, स्ट्रोलचं, नाव पुढे आजाराच्या नावातून गळून गेलं. कसं गळलं असेल, याचा मी नंतर बराच विचार केला.

आजार असा. आधी साधे जुलाब होतात, बरेचदा कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जिवाणूमुळे. पुण्यातल्याही काही रुग्णांच्या नमुन्यांत तो सापडला. जुलाब थांबतात. मग एक ते तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या येतात, जिना चढवत नाही, आणि अशक्तपणा वर सरकत जातो. काहींना व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक जण बरे होतात, पण महिने जातात. कारण काय, तर या जिवाणूच्या आवरणावरच्या काही साखरा आपल्या नसांवरच्या साखरांसारख्या दिसतात. शरीर जिवाणूला ओळखायला शिकतं आणि त्याच खुणेवरून स्वतःच्या नसांवर तुटून पडतं.

होस्टेलवर काय झालं असेल ते सांगायला नको. मेसमधलं पनीर बंद, वॉटर कूलरला कुणी हात लावेना, पाण्याचे जार खोल्याखोल्यांत. पाणी टँकरचं होतं आणि टँकर कुठून येतो हे कुणालाच माहीत नव्हतं. मी रात्री खुर्चीत मांडी घालून कोड लिहायचे, पायाला मुंग्या यायच्या आणि घाम फुटायचा.

त्या दिवसांत मी एका छोट्या कंपनीसाठी संध्याकाळचं काम करत होते. ग्राहकांच्या याद्या साफ करायच्या. एकच माणूस तीन स्पेलिंगांनी तीनदा आलेला असतो, त्याचा एक करायचा. माझा नियम सोपा होता: मोबाईल नंबर एक तर माणूस एक, आणि त्याची शेवटची नोंद ठेवायची. पायथनमध्ये एका ओळीचं काम. कंपनीतला सिनियर म्हणाला होता, "तुझा डेटा फार स्वच्छ असतो." पहिल्या कमाईइतकंच ते वाक्य मला आवडलं होतं.

रेक्टर मॅडमनी कॉम्प्युटरवाली म्हणून मला बोलावलं. आजारी मुलींची रोज यादी हवी होती. मी ऑनलाइन फॉर्म केला: नाव, खोली, मोबाईल, जुलाब, उलटी, ताप, पायाला मुंग्या. यादीतल्या मुलींना दुसऱ्या दिवशी चार वाजता डॉक्टर तपासणार. वायफाय रडकं असल्यामुळे मुली सबमिट तीन-तीनदा दाबायच्या, म्हणून मी कंपनीचीच स्क्रिप्ट लावली. शंभरेक ओळींच्या साठ व्हायच्या. मॅडम खूश.

तिसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या एका मुलीने फॉर्म भरला. तिचा फोन दुरुस्तीला होता, म्हणून शेजारणीच्या फोनवरून, तिच्याच नंबरने. मग शेजारणीने त्याच नंबरवर स्वतःचा भरला. शेवटची नोंद ठेवा. शेजारणीला डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. ही आपलं नाव पुकारण्याची वाट बघत दोन दिवस पडून राहिली. तिसऱ्या पहाटे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली.

रिक्षातून तिला दवाखान्यात नेणाऱ्यांत मी होते. सलाईन लागलं. तरुण डॉक्टरने हातोडी काढून तिच्या गुडघ्यावर मारली. जीबीएसमध्ये ही प्रतिक्रिया सहसा मंदावते किंवा जाते, हे मी वाचलेलं होतं. पाय टणकन उडाला. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मी फॉर्म भरला होता."

परत आल्यावर मूळ फाईल उघडली. तिची ओळ तिथे होती, शेजारणीच्या ओळीच्या चार मिनिटं आधीची. नियम बदलायला मला दोन मिनिटं लागली: नंबरसोबत नाव आणि खोलीही जुळली तरच एक. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे, बरी आहे ना ती आता." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या स्वतः आठवडाभर झोपल्या नव्हत्या. पण मला कुणीतरी रागावायला हवं होतं.

स्क्रिप्टने केलं तेच शरीर करतं, एका खुणेवर भरवसा ठेवतं, ही उपमा मला त्याच रात्री सुचली आणि भलतीच आवडली. म्हणूनच ती मला खटकते. शरीराला पर्याय नसतो. मला नावाचा रकाना समोर दिसत होता.

तिचे जुलाब थांबल्यापासून मी दिवस मोजायला लागले. तीन आठवडे. रोज सकाळी लॅपटॉप घेऊन जिन्यात बसायचे, कारण गरम पाण्याचा नळ खाली होता आणि ती बादली घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढायची. कठड्याला हात लावते का, मध्ये थांबते का, बघायचे. अकराव्या दिवशी थांबली. माझ्या पोटात गोळा आला. चप्पल तुटली होती.

एकविसाव्या दिवशी भरलेली बादली घेऊन ती एकेक पायरी गाळत वर आली. माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही रोज इथं कशाला बसता?"

"इथे नेट चांगलं येतं," मी म्हणाले.