शिपायाचं पेन्शन आणि विधवेचं नाव

पणजोबा पलटणीत होते, त्यांचा माग कसा काढायचा, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धातलं पदक जपून ठेवलेलं असतं. माहिती विचारली तर उत्तर एवढंच मिळतं, ‘बसऱ्याला गेले होते.’

पदक असेल तर आधी त्याची कड उजेडात धरून वाचावी. तिथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लोक नाव नि क्रमांक घेऊन इंटरनेटवर बसतात आणि पहिला गणपत शिंदे सापडला की त्याला पणजोबा करून मोकळे होतात. याबाबतीत मी हट्टी आहे. तेव्हाचे शिपायांचे क्रमांक पलटणीपुरते असत. एकच क्रमांक १०३, १०५ आणि ११० या तिन्ही मराठा पलटणींत तीन वेगळ्या माणसांचा असू शकतो. त्यात १९२२च्या सुमाराच्या फेररचनेत पलटणींची ओळखच बदलली. ११० वी पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, ११७ वी त्याच रेजिमेंटची पाचवी. पदकावर एक पलटण नि नंतरच्या कागदावर दुसरी दिसली की लोक घाबरतात. माणूस तोच असतो. काही अभ्यासक क्रमांक जुळला की थांबतात. मला ते मान्य नाही. क्रमांक, पलटण, बापाचं नाव आणि गाव, चारही जुळायला हवीत. गावाबरोबर तालुकाही हवा, कारण आंबवली नावाचं गाव कोकणात एकच नाही.

पेन्शनचा कागद नाही म्हणजे माणूस लढलाच नाही, हा समज तर फार त्रास देतो. लढाईपुरते भरती केलेले पुष्कळ जण युद्ध संपताच घरी पाठवले गेले, त्यांना पेन्शन नव्हतं. ते मिळे पुरेशी नोकरी झालेल्याला, जायबंदी झालेल्याला किंवा मेलेल्याच्या वारसाला.

कागद सापडला तरी घरचे हिरमुसतात. पराक्रमाचं त्यात अक्षरही नसतं. उंची, रंग, ‘डाव्या भुवईवर व्रण’ असल्या खुणा असतात, कारण ट्रेझरीतल्या कारकुनाला समोरचा माणूस ओळखायचा होता, पैसे भलत्यानेच उचलू नयेत म्हणून. माझा मात्र या खुणांवर जीव आहे. ज्याचा फोटोही नाही, त्याचा चेहरा एवढाच उरलेला असतो.

लोकांच्या वंशावळी लावून देण्याच्या कामातलं यंदाचं एक प्रकरण मनातून जात नाही. शिपाई इराकमधल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यातला. २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली, तेव्हा १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणींचे लोक कैदेत गेले. किती जण वाटेत आणि छावण्यांत मेले! बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अंमलदारांची नावं कोरली, शिपायांची केवळ संख्या. या शिपायाचं नाव मला मिळालं ते त्याच्या बायकोच्या कुटुंब-पेन्शनमुळे. तिचं नाव, तिचा अंगठा, आणि खाली शेरा : पुनर्विवाह, पेन्शन बंद.

वंशजांनी ते वाचलं आणि म्हणाले, तिला वंशावळीतून काढा. मला फार वाईट वाटलं. तो शेरा गावच्या कुणाच्या सांगण्यावरून लिहिलेला असणार, पाट खरंच लागला की जमिनीच्या वादातून कुणी तसं कळवलं, हे त्या एका कागदावरून ठरत नाही. आणि लागला असला तरी काय बिघडलं? तिने अंगठा उठवला नसता तर या घराला आपला शिपाई सापडलाच नसता. मी तिचं नाव काढलं नाही. ते कुटुंब पुन्हा आलेलं नाही.

तुम्ही शोधाला निघणार असाल तर कचेरीत अर्ज करण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. पणजीचं नाव, तिचं माहेर, तिला पैसे कुठे जाऊन आणावे लागत, हे विचारून लिहून घ्या आणि अर्जात शिपायाच्या नावाखाली तिचं नाव घाला.