लाज कुणाची?

बाबुराव बागुलांचं विहितगाव आमच्या नाशिक रोडला लागूनच. त्यांच्या १९७० सालच्या 'सूड'मधली जानकी बाईपणाला विटून पुरुष व्हायला निघते. वाचून रात्रभर जागा राहिलो.

माझी माय बिटको चौकात भाजीची पाटी घेऊन बसायची. काही गिऱ्हाइकं भाजी कमी, तिची छाती जास्त बघायची. एकाला तिनं तागडी उगारून सुनावलं, "भाव भाजीचा इचार, माझा नको!" शाळेतली पोरं हसली. मला लाज वाटली, ती मायची!

पुढं उर्मिला पवारांची 'कवच' वाचली. आंबेवाली आई टवाळांना पुरून उरते. शरमेनं मरतो तो तिचा पोरगा. तो पोरगा मीच.

मित्रांनो, जानकीनं बाईचं शरीर का टाकावं? मोर्चात पुढं चालणाऱ्या आपल्या बायांकडं आपण कसं बघतो, ते आधी बोला.