सहापैकी पाच

‘तुमच्या शाळेत शिक्षक एकमेकांकडून शिकतात का?’ असं विचारलं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यातले कुठलेही गुरुजी ‘होय की’ म्हणतात. खरी पंचाईत पुढच्या प्रश्नाला होते: दुसऱ्याच्या वर्गात मागं जाऊन शेवटचं कधी बसलात?

शिक्षकांमधली शिकण्याची संस्कृती मोजायची हा माझा विषय. यासाठी कॅरन वॉटकिन्स आणि व्हिक्टोरिया मार्सिक यांची प्रश्नावली बरीच वापरतात: 7 परिमाणं, 43 विधानं, आणि प्रत्येकापुढं ‘जवळजवळ कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमीच’पर्यंत 6 पायऱ्या. पायऱ्या सम असल्यामुळं मधला आकडा धरून सुटता येत नाही. पण भिडस्त माणूस सगळीकडं 5 देतो, वैतागलेला सगळीकडं 2. गंमत म्हणजे अशानं क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, झकास येतो आणि अहवालात ‘विश्वसनीयता उत्तम’ असं छापलं जातं.

इंडोनेशियातल्या पेसांत्रेन या इस्लामी निवासी शाळांत ही अडचण आणखी मोठी. तिथले बरेच शिक्षक त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी. संस्थेचे प्रमुख, म्हणजे कियाई, हेच त्यांचे गुरू. संस्थेला गुण देणं म्हणजे गुरूला गुण देणं. मग कागदावर उमटते ती अदब. शिवाय शिक्षक आणि मुलं एकाच आवारात राहतात. इशाच्या नमाजानंतर ओसरीवर दोन शिक्षक एखादा धडा कसा शिकवावा यावर बोलत बसले, तर ते कुठल्या रकान्यात भरायचं?

मुलांच्या राहण्याची सोय आपल्याकडंही झाली होती: राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली. पण कोल्हापूरच्या बोर्डिंगात मुलं राहायची आणि शिकायला शहरातल्या शाळेत जायची. पेसांत्रेनचं तसं नाही.

शाहूवाडीत ओसरीची जागा मोटारसायकलनं घेतलीय. आंबा, विशाळगडाकडच्या दोनशिक्षकी शाळांतले कितीतरी जण अपडाऊन करतात. मलकापूरच्या स्टँडवर चहा घेताना जी चर्चा होते, ती शाळेच्या कुठल्याच रजिस्टरात नसते. एका शिक्षण परिषदेत चहापोह्यांनंतर एका तरुण बाईंनी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडून हातच्याची वजाबाकी दाखवली. निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, ‘बाई, एकदा आमच्या तिसरीला येऊन दाखवा.’ नंतर फॉर्म वाटले. ‘सहकारी एकमेकांना मदत करतात’ या विधानापुढं गुरुजींनी 5 लिहिले, आणि त्यांच्या शेजारी मोबाइल बघत बसलेल्यांनीही 5.

म्हणून मी मत विचारायचं कमी केलंय. गेल्या महिन्यात कुणाकडून काय घेतलं, कुठल्या इयत्तेला वापरलं, कुठं फसलं, हे लिहून घेतो. कागद मुख्याध्यापकांमार्फत गोळा करत नाही. दोनशिक्षकी शाळेत तेवढ्यानंही भागत नाही. नाव नसलं तरी अक्षर ओळखता येतं, आणि दोघांतला एक मुख्याध्यापकच असतो. तिथं शाळेची सरासरी काढू नये. हिशेब आसपासच्या शाळा मिळून होणाऱ्या केंद्राचा धरावा, आणि त्यातही कोण कुणाच्या शाळेत गेलं हे आधी बघावं.